मदत हवी आहे: एरिडिस की सीतेची वेणी? फूल येत नाही

आमचं घर देवगडजवळ. मे २०२१ च्या तौक्ते वादळात परसातल्या जुन्या रायवळ आंब्याची फांदी मोडली, तिच्यावर ऑर्किडचे दोन ठोंब होते. फांदी सरपणात जाण्याआधी ते सोडवून घेतले. एक फणसाच्या खोडाला सुतळीने बांधला, दुसरा पडवीत नारळाची सोडणं भरलेल्या कुंडीत लावला. दोन्ही छान जगलेत, पानं काळपट हिरवी आहेत, पण फूल नाही.

फणसावरच्याची पानं लांब, मधोमध खोलगट, उभ्या फिकट रेघांची, टोक कुरतडल्यासारखं. कुंडीतल्याची आखूड, जाड. मला पहिलं ऱ्हिंकोस्टायलिस रेट्युसा, म्हणजे सीतेची वेणी, वाटतं, दुसरं एरिडिस मॅक्युलोझा. पण ते एरिडिस क्रिस्पा तर नसेल? फुलाशिवाय कसं ओळखायचं? आणि थंडीत पाणी तोडायचं का? तो आंबा आता उभा नाही, म्हणून त्याच्यावरची ही झाडं फुललेली बघायची फार इच्छा आहे.

प्रतिसाद:

ताई, पहिलं रेट्युसाच दिसतंय. दुसऱ्याचं खोड बघा. मॅक्युलोझाचं खोड आखूड राहतं, क्रिस्पाचं लांबत जातं आणि त्यावर जांभळट तपकिरी झाक असते. पक्कं मात्र फूलच सांगेल. रेट्युसाचा घोस गच्च आणि बिनफाट्याचा, फुलाच्या मागे चपटी पिशवी. एरिडिसमध्ये त्या जागी पुढे वळलेली सोंड असते, आणि मॅक्युलोझाच्या दांड्याला बऱ्याचदा फाटे फुटतात. तिन्हींचा बहर साधारण मे-जूनचा.

तुम्ही पानं काळपट हिरवी म्हणालात, तिथेच मला कारण दिसतं: उजेड कमी पडतोय. पानं पोपटीकडे झुकायला हवीत. फणसाची सावली दाट असते, तेव्हा सकाळचं ऊन लागेल अशी बाजू बघा. दुपारच्या उन्हात एकदम नेऊ नका, पानं करपतील. कुंडीतलं रोप तर आधी बाहेर काढा. या मुळांना हवा लागते. पाणी शोषलं की ती लवकर वाळली पाहिजेत, ओल्या सोडणात कुजतात. दुसऱ्या एखाद्या आंब्याच्या खरबरीत सालीवर बांधा आणि मग सारखं हलवू नका.

पाणी पूर्ण तोडू नका, पण थंडीत हात आखडता घ्या. पहाटेचं दव बरंच काम करतं. पानं सुरकुतू लागली तरच सकाळी फवारा द्या. मार्च-एप्रिलच्या काहिलीत फवारा वाढवा.

फणसावरचा ठोंब कोणत्या दिशेला आहे? मुळांची टोकं हिरवी आहेत का? तेवढं कळवा आणि कुंडीतल्या रोपाच्या खोडाचा फोटो टाका.