कोरियात 'होजू' गेल्यावर नेमकं काय बदललं?

प्रश्न: दक्षिण कोरियातली कुटुंबप्रमुखाची 'होजू' पद्धत रद्द झाली, पण व्यवहारात फरक काय पडला? मुलांना आईचं आडनाव सहज लावता येतं का?

प्रतिसाद १: होजूत घराची नोंदवही पुरुषप्रमुखाच्या नावावर असे. लग्न झालं की मुलीचं नाव माहेरच्या वहीतून निघून सासरच्या वहीत जाई. नवरा वारला की प्रमुखपद मुलाकडे, तो तान्हा असला तरी आई आणि आजीच्या आधी! घटस्फोटानंतर मूल आईनेच वाढवलं, तरी नोंद वडिलांकडेच. फेब्रुवारी २००५ मध्ये घटनात्मक न्यायालयाने ही पद्धत संविधानाशी विसंगत ठरवली, मार्चमध्ये संसदेने कायदा बदलला. १ जानेवारी २००८ पासून प्रत्येक व्यक्तीची स्वतंत्र नोंद असते.

प्रतिसाद २: आडनाव मात्र सहज नाही. मूळ नियम वडिलांच्याच आडनावाचा. आईचं हवं असेल तर विवाहनोंदणीच्या अर्जातच तसं नोंदवून दोघांचं संमतिपत्र जोडावं लागतं. पुष्कळांचं इथेच चुकतं, कारण तेव्हा मुलाचा विचारही नसतो. ती वेळ टळली की कुटुंब न्यायालयात जावं लागतं. बाईचं स्वतःचं आडनाव तिथे लग्नानंतर बदलत नाही. आपल्याकडच्यासारखी ती प्रथाच नाही.

प्रतिसाद ३: मला जन्माचे आकडे जास्त बोलके वाटतात. १९९० मध्ये १०० मुलींमागे सुमारे ११६ मुलगे जन्मत; २००७ पर्यंत ते १०६ च्या आसपास, म्हणजे नैसर्गिक पातळीवर आले. पितरांच्या 'जेसा' विधीचा मानही आता मुलग्याचाच राहिलेला नाही. वारसांत एकमत नसेल तर सर्वांत मोठं अपत्य, मुलगी असो वा मुलगा, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये ठरवलं.