प्रतिसाद: हाफकिन, प्लेगच्या पलीकडे
मुंबईची हाफकिन संस्था म्हणजे केवळ प्लेगची लस, असे मत या चर्चेत मांडले गेले; ते मला अपुरे वाटते. १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आलेली प्लेग संशोधन प्रयोगशाळा १९२५ मध्ये, ही लस शोधणाऱ्या वाल्देमार हाफकिन यांच्या नावाने, हाफकिन संस्था झाली, इथपर्यंत चर्चा बरोबर आहे. परंतु १९७५ मध्ये संशोधनाचे काम या संस्थेकडे राहिले, लशी-औषधांचे उत्पादन हाफकिनच्याच नावाच्या स्वतंत्र महामंडळाकडे गेले, आणि आमच्या यवतमाळकडच्या कास्तकाराला हे नाव ठाऊक आहे ते तिथल्या सर्पदंशावरील इंजेक्शनामुळे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांचे विष अल्प मात्रेत घोड्यांना टोचून त्यांच्या रक्तातून हे विषावरचे औषध मिळवतात.

तुरीत निंदण करताना वडिलांना घोणस चावली, तेव्हा आरोग्य केंद्रातील सिस्टरने हाफकिनच्या कुपीतल्या पांढऱ्या भुकटीत १० मिली पाणी घालून, फेस होऊ नये म्हणून ती न हलवता तळहातांत हळूहळू फिरवलेली मी पाहिली. अशा दहा कुप्या लागल्या. द्रवरूप औषधाइतकी फ्रिजची गरज या भुकटीला नसते, आणि ऐन पावसाळ्यात, म्हणजे साप निघतात त्याच दिवसांत, आमच्याकडची वीज हमखास जाते.