नामंजूर अर्जांच्या वह्या रद्दीत घालायच्या?

कोपरीकर: घणसोलीकरांनी लिहिलंय की कामगार पतपेढीची जुनी दफ्तरं रद्दीला द्यावीत, वार्षिक अहवाल स्कॅन झालेत, संशोधकाला तेवढं पुरतं. अजिबात पुरत नाही! अहवालात वाटलेलं कर्ज असतं. नाकारलेलं कर्ज फक्त संचालकांच्या बैठकीच्या इतिवृत्तात सापडतं. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या आमच्या कारखान्याच्या याच पतपेढीत मी अकरा वर्षं संचालक होतो. कारखाना बंद पडला तेव्हा एक वही उघडून बसलो. तागाची दोरी, वाळवीने खाल्लेल्या कडा. ‘मुलीचे बाळंतपण, रु. 800, जामीनदार एकच, सबब नामंजूर.’ खालच्याच ओळीत फोरमनला घरदुरुस्तीसाठी 3000 मंजूर, त्यालाही जामीनदार एकच. त्या वर्षीच्या अहवालात काय, तर ‘कर्जवाटपात समाधानकारक वाढ’.

घणसोलीकर: वह्या ठेवलेल्या गाळ्याचं भाडं दर महिन्याला मी भरतो, सभासद मूठभर उरलेत. आणि एका वहीवरून इतिहास होत नाही. 1951-52 च्या ग्रामीण पत पाहणीने 75 जिल्ह्यांतली 600 गावं पालथी घातली, तेव्हा कळलं की ग्रामीण कर्जात सहकाराचा वाटा जेमतेम 3.1 टक्के. याला पुरावा म्हणतात. तुमचा फोरमन हा किस्सा झाला.

कोपरीकर: वाटा किती ते पाहणीने सांगितलं, मान्य. पण दारात येऊन कोण परत गेलं, कोणत्या संचालकासमोर, काय कारण देऊन, हे त्या-त्या संस्थेच्या वहीतच राहतं. मँचेस्टरच्या सहकार अभिलेखागारात रॉबर्ट ओवेन आणि होलिओक या ब्रिटनमधल्या सहकाराच्या जुन्या पुरस्कर्त्यांची पत्रं आजही वाचायला मिळतात. आपल्याकडे 1904 पासून सहकाराचा कायदा आहे, आणि वह्या गोण्यांत.

नौपाड्याची: जुन्या राहू द्या, चालू वह्या तरी कोण दाखवतं? आमच्या गृहनिर्माण संस्थेत पुनर्विकासाच्या वेळी समितीचं इतिवृत्त मागितलं. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम 32 प्रमाणे सभासदाला ते फुकट पाहता येतं. सचिव म्हणाले, कपाटाची चावी हरवली. चार महिने खेटे घातले. उपनिबंधकांकडे तक्रार केल्यावर वही आली, मधली सहा पानं वेगळ्याच शाईची.

ऐरोली सेक्टर 5: आमच्याकडे पार्किंगच्या ठरावाचं पानच गायब! कोणाला कधी जागा दिली, पत्ता नाही.

घणसोलीकर: सगळ्या सचिवांना चोर ठरवू नका. बिनपगारी काम करतो आम्ही.

नौपाड्याची: चोर म्हटलं नाही. सहा पानं म्हटलं. बिनपगारी म्हणून वही तुमच्या मालकीची होत नाही.

घणसोलीकर: मग पुढच्या निवडणुकीला उभ्या राहा ना! आमच्याकडे तीनदा फॉर्म काढले, एकही आला नाही.

नौपाड्याची: उभी राहिले होते. सात मतांनी पडले.

तुर्भ्याची लेक: माझे वडील माथाडी. पतपेढीच्या फळ्यावर थकबाकीदार म्हणून त्यांचं नाव लागलं होतं. आई दोन वर्षं त्या रस्त्याने बाजाराला गेली नाही, लांबून वळसा घालायची. आता तेच नाव कुणी प्रबंधात छापणार? नावं झाकल्याशिवाय एक पान बाहेर जाऊ देऊ नका.

कोपरीकर: ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. नावं झाकलीच पाहिजेत. पण हुद्दा, रक्कम, कारण आणि निर्णय राहू द्या. तेवढ्यावरूनही कोणाला दार बंद होतं ते दिसेल.

वकिली करणारा: संशोधक सभासद नसतो, त्यामुळे कलम 32 त्याच्या कामाचं नाही. माहिती अधिकारही सरसकट चालत नाही. केरळातल्या थलप्पलम सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये म्हटलंय की सहकारी संस्था केवळ नोंदणीमुळे सार्वजनिक प्राधिकरण, म्हणजे माहिती अधिकार लागू होणारी संस्था, होत नाही. वह्या खुल्या करायच्या तर सर्वसाधारण सभेत ठराव घ्या.

घणसोलीकर: ठराव मांडतो. कोपरीकरांचं सगळं पटलंय असं नाही, एका बाळंतपणावरून पूर्ण पतपेढीला दोष देणं चूक आहे. पण तो अर्ज नामंजूर झाला त्या बैठकीला माझे वडील संचालक असू शकतात, आणि ते मला बघायचंय. रद्दीवाला शनिवारी येणार होता, त्याला नको सांगितलं. गोण्या चौदा आहेत. गाळा महिनाअखेर सोडतोय, त्याआधी टेम्पो घेऊन या.