तीन घनांची बेरीज ४ का येत नाहीये?

क्ष³ + य³ + झ³ = ४ ला पूर्णांकात उत्तर शोधतोय, ऋण संख्याही चालतील, लूप लावून बघितलं तर काहीच मिळत नाही. रेंज वाढवू का?

रिप्लाय:
नको वाढवूस, उत्तर नाहीच. कुठल्याही पूर्णांकाचा घन घे, ९ ने भाग, बाकी ०, १ किंवा ८ च येते, आणि ८ म्हणजे -१ धर. मग तीन घनांची बेरीज ९ च्या हिशोबात -३ ते ३ मध्येच राहते, बाकी ४ किंवा ५ येणारच नाही. म्हणून ४, ५, १३, १४ सगळे बाद. किती सुंदर आहे ना हे!

रिप्लाय:
उरलेल्यांचं मात्र अवघड आहे हां. ३३ चं उत्तर २०१९ ला अँड्र्यू बुकरना सापडलं, ४२ चं त्याच वर्षी बुकर आणि सदरलँडना, त्यातल्या तिन्ही संख्या १७ अंकी! ११४ अजून लटकलेलाच आहे.

मूळ प्रश्नकर्ता:
मग पूर्णांक सहगुणकांचं कुठलंही बहुपदी समीकरण दिलं (फक्त तीन घनांचंच नव्हे) की पूर्णांकात उत्तर आहे की नाही सांगेल असा एकच प्रोग्रॅम का नाही लिहीत?

रिप्लाय:
तसा प्रोग्रॅम असूच शकत नाही, हे सिद्ध झालंय. गणितज्ञ हिल्बर्टने मांडलेल्या प्रसिद्ध प्रश्नांच्या यादीतला दहावा प्रश्न तो, डेव्हिस, पटनम आणि जुलिया रॉबिन्सन यांनी बराच रस्ता कापला होता, शेवटचा टप्पा १९७० मध्ये मातियासेविचने पूर्ण केला.