मदत हवी आहे: नदीच्या प्रवाहाच्या अंदाजातल्या ५२ व्या मालिकेच्या रिकाम्या जागांचं काय करावं?

जिओग्लोज या जगभरातल्या नद्यांच्या प्रवाहाचा अंदाज देणाऱ्या सार्वजनिक सेवेतून ९ अंकी नदी-क्रमांक देऊन पायथनने १५ दिवसांचा प्रवाहाचा अंदाज उतरवतोय. एकाच नदीसाठी ५२ पर्यायी अंदाज, म्हणजे ५२ मालिका मिळतात. त्यातल्या ५१ पूर्ण येतात. ५२ वी, जास्त बारकाव्याची, १० दिवसांतच संपते. सगळ्या एका तक्त्यात घेतल्या की तिच्या रकान्यात शेवटी 'नॅन' (आकडा नसल्याची खूण) उरतात. रिकाम्या जागा असलेल्या ओळी पायथनच्या 'ड्रॉपएनए' आज्ञेने काढल्या तर सगळ्याच मालिकांचे शेवटचे ५ दिवस उडतात, आणि नेमका पूर तिथे असू शकतो! शून्य भरणं त्याहून घातक, सरासरी उगाच खाली येते. सध्या ५२ वी बाजूला ठेवून बाकीच्यांचा मध्यक (क्रमाने लावल्यावर मधली किंमत) काढतोय. वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळ), प्रवाह घनमीटर प्रति सेकंद. पहिल्या १० दिवसांत तिला किती वजन द्यावं, की आलेखात वेगळी रेघच बरी?