माका म्हणजे मका नव्हे

तळेकाठ : आईनं फोनवर ‘माक्याचं तेल आण’ म्हणून सांगितलं. मी मक्याचं आणलं, पिशवीभर. संध्याकाळी तिनं सोलापूरच्या कंबर तलावाच्या काठी ओलीत उगवलेलं रोपटं दाखवलं. शर्टाच्या बटणाहून लहान, पांढरी फुलं. म्हणाली, हा माका. या दोन शब्दांचं काही नातं आहे का?

कानामात्रा : काही नाही. माका आला संस्कृत ‘मार्कव’वरून. मर्कटाचं माकड झालं तसाच इथंही ‘र्क’मधला र गळाला. अमरकोशात मार्कव आणि भृंगराज एकाच वनस्पतीची नावं म्हणून येतात. मका मात्र अमेरिकेतून आलेलं पीक, कोलंबसानंतरचं. दोन्ही शब्द पुल्लिंगी, आकारान्त. म्हणून मक्याचं, माक्याचं. फरक एका कान्याचा, त्यात फोनवर कोण चुकणार नाही!

पूर्वभागवाला : आमच्या घरी तेलुगूत गुंटगलगर. गुंट म्हणजे खड्डा, डबकं. झाड कुठं शोधायचं ते नावातच सांगितलंय बघा.

अक्कलकोटी : आमच्याकडं कन्नडमध्ये गरुग. पाल्याला गरुगद सोप्पु.

पाटकरी : उसाच्या पाटाकडेला लै उगवतो. पण गणपतीच्या पत्रीत माका म्हणून सर्रास एकदांडी खपवतात, मलाही दोनदा मिळाली. तिलाच कंबरमोडी म्हणतात (कंबर तलावाशी संबंध नाही!). ती कोरड्या जागीही तगते, फूल लांब दांड्यावर एकटंच, आणि बी पिसाऱ्यावर म्हातारीसारखं उडतं. माक्याच्या बीला तो पिसारा नसतो.

कानामात्रा : वा! शास्त्रीय नाव ‘एक्लिप्टा’ त्यावरूनच. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ ‘उणीव असलेला’, आणि उणीव ती पिसाऱ्याची. आपण मात्र भृंगराज, केशराज म्हणत त्याला थेट राजाच केलं.

पाटकरी : नावं राहू द्या. पानं बोटांत चुरडा, रस थोड्या वेळात काळा पडला तर माका.

तळेकाठ : चुरडली. बोटं काळी झाली, साबणानंही जाईनात. आता या मक्याच्या तेलातच माका उकळू का?

पाटकरी : नको ओ. तिळाचं किंवा खोबरेल घ्या, रस घालून चुरचुर थांबेपर्यंत मंद आचेवर ठेवा. मक्याच्या तेलात पुऱ्या तळा.