मदत हवी आहे: प्रोटीन सारखं, तरी नवी बॅच निम्मीच भरते

पिपेट: तीन दिवस अडकलोय. ॲलर्जीच्या नव्या अर्कात प्रोटीन आमच्या रेफरन्सइतकंच (तुलनेच्या ठरलेल्या अर्काइतकंच) आहे, पण आयजीई इनहिबिशन एलायझात (अर्क ॲलर्जीच्या अँटिबॉडीला किती अडवतो ते बघणाऱ्या चाचणीत) ताकद निम्मी दिसते. प्लेट तीनदा लावली. सोमवारी बॅच सोडायची आहे. काय चुकतंय?

शेवंती: अर्क कशाचा? पराग, मांजर, माइट (धुळीतले सूक्ष्म जीव)? प्रोटीन कशानं मोजलं? सीरमचा पूल (ॲलर्जी असलेल्यांचं एकत्र केलेलं सीरम) तोच का?

जुनाजाणता: प्रोटीन मोजायला लौरी पद्धत असेल तर घोळ तिथेच. अर्कात टिकाऊपणासाठी फिनॉल असतं आणि त्या पद्धतीतलं फोलिन रसायन त्यालाही निळा रंग देतं. आम्ही ब्रॅडफर्ड या दुसऱ्या पद्धतीवर आलो, सुटलो.

सहजच: ब्रॅडफर्डचं एवढं कौतुक नको. लहान पेप्टाइड त्यात दिसतच नाहीत.

पिपेट: डस्ट माइट, ब्रॅडफर्ड, पूल तोच. भांडण प्रोटीनचं नाहीये हो!

शेवंती: आहे थोडं. माइटच्या खाद्यातलं प्रोटीनही त्या आकड्यात येतं, त्यावरून ताकद कळत नाही. एलायझातले नव्या अर्काचा आणि रेफरन्सचा, दोन्ही वक्र समांतर आहेत का?

पिपेट: नाहीत. नव्याचा चपटा आहे, सत्तर टक्क्यांवर अडकतो.

शेवंती: मग ‘निम्मी’ म्हणताच येणार नाही. वक्र समांतर नसले की तुलनेचा आकडा निरर्थक. आतले घटकच वेगळे असणार. जेलवर प्रोटीन आकारानुसार वेगळी करून बघा, माइटचे दोन मुख्य ॲलर्जन: डेर पी १ साधारण २५ किलोडाल्टनला, डेर पी २ साधारण १४ ला.

जुनाजाणता: मांजराला ही कटकट नाही. अमेरिकेत फेल डी १ हा मांजराचा मुख्य ॲलर्जन मोजून एकक ठरवतात.

दोघांचीआई: मुलाची प्रिक टेस्ट (त्वचेवरची ॲलर्जी चाचणी) दोन ठिकाणी वेगळी आली, ती यामुळेच का?

सहजच: अर्क वेगळ्या कंपन्यांचे असतील तर शक्य आहे. त्यांची एककं एकमेकांत बदलता येत नाहीत. दोन्ही रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा.

पिपेट: जेल पाहिलं. १४ ची पट्टी ठळक, २५ ची जेमतेम पुसट रेघ. बाकी सगळं नेहमीसारखंच, फक्त या वेळी माइट चाळून, धुऊन आले होते. आधी अख्खं कल्चर यायचं.

शेवंती: अहो, हे आधी सांगायचं! डेर पी १ मुख्यतः विष्ठेत असतो, तो चाळणीतच गेला. सँडविच एलायझानं (एकेक ॲलर्जन मोजणाऱ्या चाचणीनं) दोन्ही वेगवेगळे मोजा. सोमवारी बॅच सोडू नका, हे कुणाच्या तरी अंगात टोचलं जाणार आहे.

सहजच: डेर पी १ स्वतः प्रोटिएज (प्रोटीन तोडणारं एन्झाइम) आहे, फ्रिजबाहेर राहिला तर झिजतो. टिकवायला ग्लिसरीन किती?

पिपेट: पन्नास टक्के, आणि चार अंशांवरच होता. बॅच थांबवली. डेर पी १ ची प्लेट आत्ताच कोट करून (अँटिबॉडीचा थर देऊन) ठेवली, उद्या आकडे टाकतो.